सुमनताईंचं शुद्धिपत्र

सुमनताई इंगळे नव्या माणसाचं नाव-गाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारायच्या. "दमलं की तुमच्यात काय म्हणतात?" त्यांचं इंग्रजी तुटकं होतं, पण हा प्रश्न त्यांनी घोटून पक्का केलेला. "युअर लँग्वेज, टायर्ड, व्हॉट यू से?"

टोरोंटोजवळच्या वॉनमधल्या त्या वृद्धांच्या केअर होममध्ये आम्ही सगळेच इतके दमलेले असायचो की या प्रश्नाचं कुणाला नवल वाटायचं नाही. इमारतीच्या तीन बाजूंना गोदामं, चौथ्या बाजूला हायवे. सकाळी सातच्या शिफ्टला पोचायचं म्हणजे आधी दारातला बर्फ शोव्हल करा, मग दोन बस बदला. मी नाशिकची फिजिओथेरपिस्ट. इथे माझी डिग्री चालत नव्हती, म्हणून लायसन्सच्या परीक्षा देत देत असिस्टंटचं काम करत होते. म्हाताऱ्या माणसांचे हातपाय हलवून घ्यायचे, त्यांना कॉरिडॉरमध्ये चार पावलं चालवायचं. सुमनताई बेसमेंटमधल्या लाँड्रीत होत्या. वय साठीच्या पुढे, अंगाने बारीक, केसांवर जाळी आणि त्या जाळीत कायम खोचलेली एक पेन्सिल.

"तू नाशिकची ना? 'दमले' म्हणत असशील," पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या. "आम्ही थकतो. तुम्ही दमता."

त्या नागपूरच्या. तिथल्या एका संस्थेच्या शब्दकोशासाठी त्यांनी सत्तावीस वर्षं शब्दपट्ट्या लिहिल्या होत्या. एका पट्टीवर एक शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली तो जिथे सापडला ते वाक्य. कोश 'श'पर्यंत आला आणि संस्थेने काम थांबवलं. 'स'पासून पुढच्या पट्ट्या लिहून झाल्या होत्या, छापल्या कधीच नाहीत. "गोणपाटात बांधून ठेवल्या. पुढं काय झालं, विचारायची हिंमत नाही केली मी," त्या सांगायच्या. मग नवरा-बायकोला मुलाने कॅनडाला बोलावलं. नवऱ्याचं इथे मन रमेना, तो सहा महिन्यांत परत गेला. सुमनताई नातीसाठी राहिल्या. नात मोठी झाली, शाळेत जायला लागली, आजीच्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं द्यायला लागली, आणि दिवसभर मुलाच्या घराच्या बेसमेंटमध्ये बसून राहण्यापेक्षा दुसऱ्यांच्या चादरी धुतलेल्या बऱ्या म्हणून त्यांनी हे काम धरलं.

पट्ट्यांची सवय मात्र सुटली नव्हती. किचनमधून दर आठवड्याला जेवणाचे छापील मेनू यायचे. त्यांची मागची बाजू कोरी असायची. आठवडा संपला की सुमनताई ते गोळा करायच्या, चार तुकडे करायच्या आणि त्यावर लिहायच्या. वर शब्द, खाली भाषा, बोलणाऱ्याचं नाव आणि एक वाक्य. त्यांचा नियम होता, वाक्याशिवाय शब्द घ्यायचा नाही. कुणी नुसता शब्द सांगितला तर त्या हात पुढे करून थांबायच्या, जणू सुटे पैसे परत मिळायचेत. "सेंटेन्स, प्लीज." जेवणाच्या सुट्टीत घाईत असलेल्या नर्सेस वैतागायच्या, पण वाक्य देऊन जायच्या.

लाँड्रीत त्यांच्या जोडीला सुलास्त्री होती. जावा बेटावरच्या एका खेड्यातली, चाळिशीची, डोक्याला फिकट निळा रुमाल बांधलेला. दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरीची टोकं धरायच्या, एकमेकींकडे चालत यायच्या, टोकाला टोक लावायच्या आणि मागे व्हायच्या. दिवसाला तीनशे-चारशे वेळा. बोलायला वेळच वेळ. दमण्याच्या प्रश्नावर सुलास्त्रीने एक मजेशीर गोष्ट सांगितली होती. 'कसल' हा शब्द जकार्तात बोलला तर माणूस वैतागलाय असा अर्थ होतो, आणि तिच्या गावच्या जावानीज भाषेत तोच शब्द बोलला तर माणूस दमलाय. लग्न होऊन ती जकार्ताला गेली तेव्हा रोज संध्याकाळी "मी कसल" म्हणायची आणि सासूला वाटायचं, सून आपल्यावर रागावली. सहा महिने घरात अबोला.

सुमनताई हसता हसता खाली बसल्या. म्हणाल्या, "बाप्पा, एवढ्याशा शब्दापायी!"

सुलास्त्रीकडून मिळालेला त्यांचा सगळ्यात लाडका शब्द मात्र दुसराच. एकदा ड्रायर बंद पडला. ओल्या टॉवेलांचा ढीग साचला, वरून फोनवर फोन. सुमनताईंची चिडचिड बघून सुलास्त्री म्हणाली, "सबर, बू. सबर." बू म्हणजे बाई, आई. सुमनताईंच्या हातातला टॉवेल खाली पडला.

त्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला श्वास न घेता सगळं सांगितलं. आपली सबुरी. आपण "सबूर!" म्हणून थांबवतो ते. मूळ अरबी सब्र, फारसीमार्गे आपल्याकडे आला. तोच शब्द बोटीत बसून पार जावापर्यंत गेला. इंडोनेशियन भाषेत सबर म्हणजे धीर धरणारा, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यालाही सांगतात. जावानीजमध्ये मात्र तो माणसाच्या स्वभावाचा शब्द आहे. "सुलास्त्रीच्या बापाबद्दल गावात एवढंच म्हणायचे, तो सबर होता. झालं. याच्यावर आणखी काही सांगायचं राहतच नाही." पट्टी भरून मागच्या छापील बाजूच्या समासातही लिहिलं होतं. मला झोप येत होती. मी मान हलवत राहिले.

त्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावर दोन माल्टीज बहिणी एका खोलीत होत्या. माल्टा हे भूमध्य समुद्रातलं लहानसं बेट. तिथली पुष्कळ माणसं फार पूर्वी टोरोंटोला आली, त्यांतल्या या दोघी. दोघी अविवाहित, चार वर्षं त्या खोलीत शेजारी शेजारी पलंगावर. धाकटी करमेना नव्वदीला आलेली. स्मृतिभ्रंशात तिचं इंग्रजी गेलं होतं. साठ वर्षं वापरलेली भाषा पुसून गेली आणि लहानपणची माल्टीज तेवढी उरली. मोठी बहीण तिचं बोलणं आम्हाला समजावून सांगायची. जानेवारीत ती मोठी न्युमोनियाने हॉस्पिटलमध्ये गेली आणि तिथेच वारली.

आम्ही करमेनाला सांगितलं. इंग्रजीत, हळू, हात धरून. ती आमच्याकडे बघत राहिली. रडली नाही. सगळ्यांना वाटलं, तिला कळलंच नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने थोडं हायसंही वाटलं. आठवड्याभराने तिने एक शब्द धरला. कुणीही खोलीत आलं की बाही ओढायची आणि म्हणायची, "सबार्नी." डोळ्यांत बघून, पुन्हा पुन्हा. चार्ज नर्स मर्लिनला वाटलं, ती सब्रिना म्हणतेय. तिने कॅलगरीच्या भाचीला फोन केला, "तुमच्या घरात कुणी सब्रिना आहे का?" नव्हती. भाचीला माल्टीजही येत नव्हतं.

सुमनताई टॉवेल ठेवायला वर गेल्या आणि तो शब्द त्यांच्या कानावर पडला.

मी लाँड्रीत टॉवेल न्यायला आले होते. त्या पायऱ्या उतरून धावत आलेल्या मला आठवतात. गुडघे दुखत असताना. "वर्षा, अगं सबर! ती सबर म्हणून राहिली! माल्टाची भाषा अरबीतूनच आलेली आहे. लिहितात इंग्रजी अक्षरात, देवळात येशू, पण भाषेची हाडं अरबी." चेहरा इतका उजळला होता की लाँड्रीतल्या ट्यूबलाइटखाली ओळखू येईना. मग मर्लिनकडे जाऊन त्यांनी तुटक्या इंग्रजीत समजावलं. "शी इज सेइंग पेशन्स. आय अ‍ॅम पेशंट, शी इज सेइंग. शी विल वेट. नो वरी."

मर्लिनच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तीन माणसांचं काम ती एकटी ओढत होती. तिने सगळ्यांना सांगून टाकलं, करमेनाने बाही ओढली की हसून "सबर" म्हणा, तिला बरं वाटेल. आम्ही म्हणायला लागलो. जेवण देणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या, औषध देणाऱ्या. मीही तिचे गुडघे वाकवून घेताना म्हणायचे, "सबर, करमेना, सबर." सुलास्त्री तर तिच्या गालाला हात लावून म्हणायची.

करमेनाने बाही ओढणं हळूहळू सोडलं. तिसऱ्या आठवड्यात ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. जेवण परत जायला लागलं. मर्लिनने चार्टमध्ये लिहिलं, रेसिडेंट शांत झाली आहे.

वादळांमुळे दोन-तीनदा टळलेली एक भेट फेब्रुवारीच्या शेवटी झाली. टोरोंटोच्या माल्टीज चर्चमधले एक म्हातारे गृहस्थ, झेप्पी त्यांचं नाव, प्रसाद घेऊन आले. जन्मभर बूट शिवून पाठीत वाकलेले. मी करमेनाला उठवून बसवत होते, सुमनताई कपाटात चादरी लावत होत्या. झेप्पी तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. किती दिवसांनी आपली भाषा ऐकली तिने! तिने त्यांचा कोट पकडला आणि तोच शब्द म्हणाली. मी सवयीने हसून म्हटलं, "सबर."

झेप्पींनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तिला असं म्हणायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी काही बोलायच्या आत सुमनताई कपाटापासून म्हणाल्या, "मी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसले आणि एखाद्या गिऱ्हाइकाला बूट कुठे फाटलाय ते दाखवावं तसं सांगायला लागले. 'सबार' म्हणजे सोसणं, धीर धरणं. पण ती तसं म्हणत नाहीये. ती म्हणतेय 'सब्बार'. त्यात ब दोनदा आहे. सब्बार म्हणजे दुसऱ्याला सोसायचं बळ देणं. कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण जाऊन करतो ते. आणि शेवटचा 'नी' म्हणजे मला. "सब्बारनी. माझं सांत्वन करा, म्हणतेय ती. बहीण गेल्याचं तिला ठाऊक आहे."

करमेना अजून त्यांचा कोट धरून होती.

सुमनताई चादरी तशाच ठेवून खाली गेल्या. मी काम आटोपून गेले तर त्या पट्ट्यांचा पुठ्ठ्याचा डबा उघडून जमिनीवर बसल्या होत्या. सुलास्त्री बाजूला उभी, गोंधळलेली. सुमनताईंच्या हातात 'सबर'ची पट्टी होती. मागच्या बाजूला, अगदी खालच्या ओळीत, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: मेन्याबार्कान, 'सबर'वरूनच झालेलं क्रियापद, दुसऱ्याला धीर देणे, रडणाऱ्याला शांत करणे.

"हिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला," त्या म्हणाल्या. "शब्द वळला की अर्थही वळतो, हे हिच्या भाषेतलं मी लिहून घेतलं आणि उलटून पाहिलं नाही. आणि वर त्या बाईकडून मी वाक्य नाही घेतलं. एकदा ऐकलं आणि पळाली."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, सुमनताई," मी म्हटलं.

"सत्तावीस वर्षं मी हेच काम केलं, वर्षा. एका मात्रेसाठी आम्ही पट्टी तीन तीन जणांकडून तपासून घ्यायचो. ते सगळं कागदावर होतं. चुकलं असतं तर कुणाचं काय जाणार होतं? इथं म्हातारी रडायला जागा मागत होती, आणि माझ्या सांगण्यावरून अख्खा मजला तिला सोस, सोस म्हणत राहिला."

मग त्या उठल्या. एका अख्ख्या मेनूच्या मागे पेन्सिलीने लिहायला लागल्या. इंग्रजी मला तपासायला लावलं. लिहिलं होतं: ही बाई धीर धरते असं म्हणत नाही. ती सांत्वन मागते आहे. कृपया तिला सबर म्हणू नका. आधी सांगितलेला अर्थ चुकीचा होता. चूक माझी. सुमन इंगळे, लाँड्री.

"हे काय?" मी विचारलं.

"शुद्धिपत्र. पुस्तकात चूक राहिली की मागं जोडतात ते."

त्यांनी तो कागद करमेनाच्या दारावर चिकटवला. मर्लिन म्हणाली, दारावर असं काही लावायचं नसतं, नियम आहे. सुमनताई दारापुढून हलल्या नाहीत. "रूल ओके. यू राइट इन चार्ट, देन आय रिमूव्ह." मर्लिनने त्यांच्यासमोर चार्टमध्ये लिहिलं. खाली "सुमन, लाँड्री" असं नावही सुमनताईंनी तिला लिहायला लावलं. मगच कागद निघाला. मर्लिन नंतर मला वॉशरूममध्ये भेटली, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

त्या दिवशी बसमध्ये सुमनताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. खिडकीबाहेर गोदामांमागून गोदामं जात होती. मग एकदम बोलल्या. त्यांचा नवरा दोन वर्षांपूर्वी नागपूरला वारला तेव्हा इथे बर्फाचं वादळ होतं, विमानं बंद. पोचल्या तेव्हा सगळं उरकलेलं. "सगळे एकच सांगत होते. सबुरीनं घे, सुमन. दीर, जाऊ, माझा स्वतःचा भाऊ. मीही मान हलवत होती. हो, घेते म्हणत होती. मला वाटायचं, हेच असतं." मग म्हणाल्या, "याच्यावर आपण परत नको बोलायला." आम्ही परत कधी बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट संपली की त्या तिसऱ्या मजल्यावर जायच्या. झेप्पींकडून दोन शब्द फोनवर शिकून घेतले होते, या वेळी पाच वेळा म्हणून दाखवून. "यीन आउन." मी इथे आहे. पलंगाजवळ खुर्ची ओढून, करमेनाचा हात हातात घेऊन त्या एवढंच म्हणायच्या. पहिल्या दिवशी करमेना बराच वेळ भिंतीकडेच बघत होती. मग वळली. "सब्बारनी," म्हणाली. "यीन आउन," सुमनताई म्हणाल्या. आणि ती म्हातारी रडायला लागली. दीड तास रडत होती. मधेच माल्टीजमध्ये काहीतरी लांबलचक सांगायची, सुमनताई नागपुरी मराठीत उत्तर द्यायच्या, "हो ना बाई. हो ना." नंतर तिने अर्धी वाटी सूप घेतलं.

याने सगळं छान झालं असं मला सांगता येणार नाही. कधी ती बहीण गेल्याचं विसरायची, मग आठवायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. कधी सुमनताईंनाच बहीण समजून भांडायची. सुमनताई रोज साडेतीन ते पाच बसायच्या. त्यामुळे त्यांची बस चुकायची, पुढची खचाखच भरलेली, घरी पोचेपर्यंत अंधार. मुलगा चिडला होता. "आई, हे तुझं काम नाहीये. तुला कुणी सांगितलं नाही करायला." मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले असताना त्याने माझ्यासमोरच विषय काढला. सुमनताई भाकरी थापत होत्या. "नाहीच आहे माझं काम," म्हणाल्या. भाकरी उलटली. "कामाचे आठ तास निराळे." नात टेबलावरून म्हणाली, "आजी, यू लुक सो टायर्ड." सुमनताईंनी तिच्याकडे बघून मराठीत विचारलं, "आपल्यात काय म्हणतात त्याला?" मुलीने थोडा विचार केला. "थकली," म्हणाली. सुमनताईंनी तिच्या पानात गरम भाकरी टाकली.

करमेना एप्रिलमध्ये गेली. दुपारी, झोपेत. सुमनताई त्या वेळी लाँड्रीत होत्या. मीच खाली जाऊन सांगितलं. सुलास्त्रीने हातातली चादर सोडली आणि सुमनताईंना मिठी मारली. तोंडाने काही म्हणाली नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मागे ड्रायर फिरत होते.

पुढे तीनेक वर्षं आम्ही बरोबर काम केलं. मग मला लायसन्स मिळालं, नवऱ्याची नोकरी व्हँकुव्हरला लागली. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांचा निरोप घेतला. लाँड्रीत सुमनताई नव्हत्या. सुलास्त्री म्हणाली, वर बघ.

मी दुसऱ्या मजल्यावर गेले. कोपऱ्यातल्या खोलीत एक नवे आजोबा आले होते. अर्धांगवायूने वाचा गेलेली, सगळ्यांवर ट्रे फेकणारे. त्यांच्यासमोरच्या खुर्चीत सुमनताई झोपल्या होत्या. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. बूट काढून ठेवलेले, सुजलेले पाय मोज्यांत. खिडकीतून चारचं ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. आजोबांनी आपल्या गुडघ्यांवरचं पांघरूण चांगल्या हाताने ओढून त्यांच्या पायांवर टाकलं होतं. निम्मं खाली लोंबत होतं.

मी दारात उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, तोच हात कष्टाने वर उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी तशीच मागे फिरले.